होडीतला ओळंबा

"म्हणजे काय नाखवा, मी उलटायला पाहिजे होतं?"

शलाकाचा आवाज एवढा चढला, की शेडमधल्या पोरांचे हात दोऱ्यांच्या गाठींवरच थांबले.

कासम नाखवा फाटकं शीड मांडीवर घेऊन दाभणाने शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"असं मी कधी म्हटलं?"

"आत्ता तुम्हीच विचारलंत, तुझ्या नावापुढे रेघ का नाही."

"विचारलं. का नाही?"

"मला होडी चालवता येते म्हणून."

"ओऽऽ!" पोरांनी एका सुरात हेल काढला.

नाखव्यांनी दोरा दाताने तोडला.

"बरं," ते म्हणाले.

कासम नाखव्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षं गलबतावर काढली होती. कौलं भरायची, शीड उभारायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई गाठायची. गलबतं गेली. नाखवा राहिले. आता हर्डीच्या खाडीवर ते पोरांना शिडाची होडी शिकवत. आठ फुटांची होडी, एक शीड, आत एकच पोर. पुढून चपटी, धान्याच्या पेटीला शीड लावावं तशी.

त्यांच्या शेडमध्ये एक फळा होता. फळ्यावर पोरांची नावं. जो उलटेल त्याने धक्क्यावर यायचं, ओल्या हाताने खडू घ्यायचा आणि आपल्या नावापुढे आपणच रेघ ओढायची. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. रीत नाखव्यांचीच.

दिगंबरच्या नावापुढे अकरा रेघा होत्या. त्याला सगळे दिग्या म्हणत. खारव्याचं पोर, दात पुढे, हसायला कारण लागत नसे.

शलाकाच्या नावापुढे तीन वर्षांत एकही रेघ नव्हती. येता-जाता ती त्या कोऱ्या जागेकडे एकदा बघून घेई.

आणि आज मामला टोकाला आला होता. निवडीच्या तीन शर्यती झाल्या होत्या. शलाका तिन्ही वेळा दुसरी. दिग्या दोनदा पहिला, आणि काल उलटला म्हणून चौथा. बेरीज दोघांची सहा. चौथी शर्यत आज तीन वाजता. जो पुढे, तो राज्याच्या संघात. जागा एकच. दिग्या अजून लहान होता, त्याला पुढचं वर्ष होतं. शलाकाला नव्हतं. या होडीला वयाचा नियम असतो आणि तिचं वय पुढच्या वर्षी नियमाबाहेर जाणार होतं.

"नाखवा," ती खाली बसली. आवाज उतरला. "मी चुकत नाही. वळण चुकत नाही, सुरुवातीचा भोंगा चुकत नाही. तरी हा प्रत्येक वेळी माझ्या पुढे कसा जातो? एवढंच सांगा."

"इस्त्री मोडेल म्हणून हळू चालवतेस!" दिग्या मागून ओरडला. "हिचं शीड घडीचं आहे, नाखवा!"

"तू गप. अकरा रेघा."

"अकरा आंघोळी. तू कधी केलीस ते सांग!"

पोरं खिदळली. नाखव्यांच्या मिशीखालीही काहीतरी हललं.

"बाय," ते म्हणाले, "तुझ्या होडीत ते लोंबतं काय आहे?"

शलाकाचा चेहरा एकदम उजळला. हे कोणीतरी विचारावं याची ती कितीतरी दिवस वाट पाहत होती.

तिचे वडील गवंडी. भिंत सरळ आहे की नाही ते ओळंबा लावून बघणारे. त्यावरूनच तिला सुचलं होतं. डोलकाठीच्या पायाशी तिने हाताएवढी फळी बसवली होती. फळीच्या वरच्या कडेला खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. होडी झुकली की नट बाजूला सरके. दोन्ही बाजूंना वडिलांच्या जाड लाल पेन्सिलने तिने एकेक रेघ मारली होती.

"नट लाल रेघेवर आला की मी शिडाची दोरी सोडते. शिडातला वारा निघून जातो. होडी सरळ. तीन वर्षांत एकदाही फसले नाही."

"ही रेघ कुठून आणलीस?"

"मोजून."

"कशावर?"

"म्हणजे... पहिल्या महिन्यात. एकदा होडी एवढी झुकली होती. मला वाटलं, गेले आता."

"गेलीस?"

"नाही. दोरी सोडली ना लगेच."

 नाखव्यांनी दाभण शिडात खोचून ठेवलं. उठले. लुंगी गुडघ्याच्या वर खोचली, खुंटीवरचं लाइफ जॅकेट अंगात चढवलं. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते.

"होडी काढ," ते म्हणाले.

*

भरती पूर्ण होती. धक्क्याच्या पायऱ्या निम्म्या पाण्यात. दुपारचा वारा नुकताच अंगात येऊ लागला होता.

नाखवा होडीत उतरले तेव्हा होडी कण्हली. सत्तरीचा माणूस, काडीसारखा, पण ती होडी एका पोराची. शलाका सुकाणूचा दांडा धरून मागे, नाखवा पाय पोटाशी घेऊन पुढे.

"चल खाडीत."

ती निघाली. धक्क्यावर पोरांची रांग लागली.

वारा आला. होडी झुकली. नट रेघेकडे सरकला. शलाकाने दोरी सोडली. शीड फडफडलं, होडी सरळ झाली.

"बघितलंत?"

"बघितलं. आत्ता कुठवर झुकली होती?"

"रेघेपर्यंत."

"त्याच्या पुढे काय आहे?"

"पुढे काय असणार? उलटते."

"कोण म्हणतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, नाखवा."

"तू किती वेळा गेलीस तिथे?"

...

पाणी होडीच्या तळाला चापट्या मारत होतं.

"सांग ना. किती वेळा?"

 तेवढ्यात वाऱ्याचा पुढचा झोत आला. नाखवा जागचे उठले, एखादा माणूस ओसरीवरून अंगणात उतरतो तसे शांतपणे झुकत्या बाजूला गेले आणि काठावर बसले.

"नाखवा! अहो, तिकडे नको! नाखवा..."

आकाश बाजूला गेलं. शीड पाण्यावर आडवं आपटलं. शलाकाच्या नाकातोंडात खारट पाणी गेलं. वर आली तेव्हा तिला पहिल्यांदा काय ऐकू आलं असेल, तर धक्क्यावरचा जल्लोष. दिग्या तर पायऱ्यांवर नाचत होता.

"झाली! झाली! खडू आणा रे!"

"नाखवा!" ती किंचाळली. "एक तासावर शर्यत आहे माझी!"

नाखवा लाइफ जॅकेटवर निवांत तरंगत होते. मिशा गळत होत्या.

"मी म्हातारा माणूस," ते म्हणाले. "पाणी गार आहे. काहीतरी कर."

काय करायचं ते तिला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात, नाखव्यांनी शिकवण्यासाठी मुद्दाम आडव्या केलेल्या होडीवर एकदा केलं होतं. पण हाताला ते आठवेना. ती आधी डोलकाठी उचलायला गेली, ती उचलेना. मग काठाला लोंबकळली, तर होडी आणखी तिच्याच अंगावर येऊ लागली.

"अगं तळाची फळी! तळाच्या फळीवर!" दिग्या धक्क्यावरून ओरडला. आता तो हसत नव्हता. "तळाकडून जा! बाहेर आलेल्या फळीवर चढ आणि मागे रेल!"

ती पोहत तळाकडे गेली. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली सोडलेली फळी आता पाण्यावर आडवी आली होती; तिला लटकली, वर चढली, काठ धरून मागे रेलली. शीड पाण्यातून सुटं झालं. होडी हळूहळू, मग एकदम उभी राहिली. आत काठोकाठ पाणी. ती आत पडली आणि बालदीने भराभरा उपसू लागली.



"झालं तुमचं समाधान?"

"माझं कसलं?" नाखवा पोहत पोहत धक्क्याच्या पायरीला लागले. वर बसले, लुंगी पिळली. "मी उलटवली. आता तू उलटव."

"काय?"

"एकटी. दोरी सोडायची नाही. बघू किती वेळ लागतो."

शलाकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग घड्याळ नव्हतं तरी मनगटाकडे पाहिलं. मग दात आवळले. करूनच टाकू एकदाचं. ओली तर झालेच आहे.

तिने शीड भरलं. दोरी ताठ ओढून मुठीभोवती एक वेढा दिला.

"वेढा नको!" नाखवा ओरडले. "धरायची म्हणजे हातात धरायची!"

तिने वेढा सोडला. दोरी नुसती मुठीत धरली.

वारा आला. होडी झुकली. नट लाल रेघेवर आला... तिची मूठ सवयीने सैल होऊ लागली. तिने ती पुन्हा आवळली.

नट रेघेच्या पलीकडे गेला.

बोटभर. दोन बोटं.

तिने डोळे बारीक केले. आता. आता जाणार.

होडी गेली नाही.

पाणी काठाजवळ आलं आणि काठाला लागून सरसर धावायला लागलं. होडीच्या तळातून एक बारीक आवाज येऊ लागला, तारेवरून बोट फिरवावं तसा. तीन वर्षांत तिने तो कधी ऐकला नव्हता. नट फळीच्या कडेला जाऊन टेकला, त्याला पुढे जायला जागाच उरली नाही, आणि होडी अजून पाण्यावर होती.

शलाकाने पाय होडीच्या तळाशी बांधलेल्या पट्ट्यात अडकवले आणि अंग मागे टाकलं, पाठ पाण्याला लागेपर्यंत. दोरी सोडली नाही. होडी त्या ओझ्यावर उठली आणि पुढे सुटली. दावं तुटल्यासारखी.

"नाखवा!" ती ओरडली. "नाखवा, उलटेना हो!"

"मग मेहनत कर!" पायरीवरून उत्तर आलं.

शलाका हसायला लागली. एवढं हसू आलं तिला, की दांडा हातातून सुटता सुटता राहिला. ती फिरून आली, पुन्हा गेली. पुन्हा दोरी आवळली. पुन्हा काठाला पाणी, पुन्हा तो आवाज. धक्क्यावरची पोरं आता गप्प होती. दिग्या तर पहिल्यांदाच गप्प होता.

पंचांच्या मोटारबोटीवरून भोंगा वाजला. शर्यतीची तयारी करा.

होडी उलटायची राहूनच गेली.

*

चौदा होड्या आरंभाच्या रेषेमागे माश्यांसारख्या घोंगावत होत्या. दोन बोये, वळणाच्या तरंगत्या खुणा. एक वर, वाऱ्याच्या तोंडाशी, तिवरांच्या जवळ. दुसरा खाली. दोन फेऱ्या, आणि शेवट पुन्हा वाऱ्याकडे तोंड करून, मोटारबोटीजवळ. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जात नाही. तिरकी जाते, वळते, पुन्हा तिरकी जाते. खरी शर्यत तिथेच असते.

भोंगा.

शलाका सुटली ती बरोबर. रेषेवर, वेळेवर. आणि पहिलाच झोत आला तशी तिची नजर नटाकडे गेली. नट लाल रेघेवर होता. मूठ सैल झाली. झाली तेव्हाच तिला कळलं.

दिग्या बाजूने निघून गेला.

"आंघोळ वाया गेली गं!"

पहिल्या फेरीत असं चारदा झालं. डोक्याला समजत होतं, हाताला समजत नव्हतं. वरच्या बोयाला ती दुसरी, खालच्या बोयाला दुसरी. दुसऱ्या फेरीत पुन्हा वर दुसरी. दिग्या सहा होड्यांच्या अंतरावर पुढे, अंग बाहेर टाकून, तोंडाने काहीतरी गात.

खालचा बोया शेवटचा. तो वळून आता वर, शेवटपर्यंत.

खाडीच्या तोंडाकडून पाण्यावर काळा पट्टा धावत येत होता. मोठा झोत. मागून कोणीतरी ओरडलं, "काळं आलं रे! काळं आलं!"

शलाकाने नटाकडे पाहिलं.

वळताना दोरा खिळ्याभोवती गुंडाळला गेला होता. नट खिळ्याशी घट्ट चिकटून बसला होता, पालीसारखा. ना इकडे, ना तिकडे.

 आता सांगायला कोणी नव्हतं.

झोत लागला.

शीड ताडकन भरलं. होडी झुकली. शलाकाने दोरी छातीशी ओढली आणि अंग बाहेर फेकलं. वेणी पाण्यात गेली. मांड्या थरथरायला लागल्या. कुठवर झुकली, तिला दिसत नव्हतं. तिला फक्त ढुंगणाखाली काठ कळत होता, तळहातात दोरी कळत होती... आणि मग तळातून तो आवाज आला.

तो आला तशी ती ओरडलीच. "चल गं बाय! चल!"

पाच होड्या. तीन. दिग्याने मागे वळून पाहिलं आणि गाणं थांबवलं.

"ए! इस्त्री बिघडेल!"

"बिघडू दे!"

दोघं एकाच झोतात, एकाच बाजूला झुकलेली, दोघांची डोकी पाण्याला लागलेली. मोटारबोट जवळ आली. धक्क्यावर पोरं कोणाच्या नावाने ओरडताहेत ते कळत नव्हतं, कारण अर्धी एकाच्या, अर्धी दुसरीच्या. झोत आणखी वाढला. दिग्याची मूठ क्षणभर सैल झाली. अकरा रेघांचा दिग्या, पण झाली.

शलाकाची झाली नाही.

चपटं तोंड चपट्या तोंडाच्या हातभर पुढे. भोंगा.

"एक्केचाळीस!" मोटारबोटीवरच्या पंचाने आकडा पुकारला.

एक्केचाळीस म्हणजे शलाकाचं शीड.

तिने दोन्ही हात वर केले. दोन्ही! दोरी सुटली, दांडा सुटला, शिडातला वारा गेला, आणि ती तर अजून सगळी बाहेरच. पाठीवरच ती पाण्यात गेली आणि होडी मुकाट तिच्यामागे तिच्या अंगावर आली.

पाण्याखाली असतानाही ती हसत होती. बुडबुडे दिसत होते म्हणे.

*

धक्क्यावर आधी कोण पोहोचलं, तर दिग्या. डोळे लाल होते. खाऱ्या पाण्याने असेल. त्याने तिची होडी ओढायला हात लावला.

"ए इस्त्रीवाली," तो म्हणाला. "राज्याच्या संघातून गेलीस ना, की तिथे आधी उलट. सगळ्यांसमोर. म्हणजे मग भीती नाही."

"उलटेन," ती म्हणाली. "तुझ्या नावाने."

शेडमध्ये शलाकाने ओल्या हाताने खडू घेतला. तीन वर्षांच्या कोऱ्या जागेत दोन रेघा ओढल्या. हात ओला, खडू मऊ. रेघा जाड आणि वेड्यावाकड्या आल्या. पोरांनी पत्रे हादरतील एवढ्या टाळ्या वाजवल्या.

मग ती होडीकडे गेली.

नाखवा थोड्या वेळाने बाहेर आले. कोरडी लुंगी नेसलेले, हातात चहाचा पेला. होडी धक्क्यावर चाकाच्या गाडीवर होती, आणि शलाका आत गुडघ्यांवर बसून डोलकाठीच्या पायाशी काहीतरी करत होती.

"घरी नाही गेलीस?"

"जाते ना. आधी हे."

तिने खिळ्याचा गुंता सोडवला होता. नट पुन्हा मोकळा लोंबत होता. फळी लहान पडली म्हणून तिने शेडमधून प्लायवूडचा मोठा तुकडा शोधून आणून बसवला होता. जीभ दातांत धरून ती मोजत होती.

"चुकीची रेघ होती, नाखवा. तीन वर्षं चुकीची! बाबांना कळलं तर म्हणतील, अशी भिंत बांधली असती तर..." ती स्वतःशीच हसली. "पण आता कळलं मला. कुठवर झुकते ते बरोबर कळलं."

तिने लाल पेन्सिल घेतली. जुन्या रेघेपासून चार बोटं पलीकडे, हात अगदी स्थिर ठेवून, नवी रेघ ओढली. मग मागे सरकून बघितलं. डोळे आनंदाने लकाकत होते.

"ही बघा. खरी ही."

नाखव्यांनी वाकून रेघ बघितली. बराच वेळ बघितली.

...

खाडीवर वारा अजून होता. नट त्या वाऱ्याने जरासा हलत होता.

नाखव्यांनी चहा एका घोटात संपवला. पेला कठड्यावर ठेवला. मग नुकतीच नेसलेली कोरडी लुंगी गुडघ्याच्या वर खोचली.

"होडी काढ, बाय."